रस्त्यावरून पाहिलेली गल्ली

जय भीम. नमस्कार.

एवढ्या बर्फात तुम्ही सगळे आलात. मार्कहॅमहून आलात, हॅमिल्टनहून आलात. ब्रॉसार्डहून मामाजींचे दोन जुने मित्र काल दुपारीच निघाले आणि मुक्काम करून आज इथं पोचले. विहाराच्या या बेसमेंटमध्ये बसायला जागा उरलेली नाही. दाराशी, जिन्यावरही माणसं उभी आहेत. सगळ्यांचे आभार.

मला बोलता येत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी पल्लवी. देवाजी रामटेके माझे मोठे मामा. मी घाबरते. फोन उचलायलासुद्धा घाबरते. म्हणून हे लिहून आणलं आहे. चार वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं.

माझ्या आधी पाच जण बोलले. मी लक्ष देऊन ऐकलं. मामाजी शांत स्वभावाचे होते. मामाजी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मामाजींचं कधी कोणाशी वाजलं नाही.

माफ करा, पण तुम्ही कोणाबद्दल बोलत होता?

इथं पहिल्या रांगेत बसलेल्या प्रत्येकाशी मामाजींचं वाजलेलं आहे. ढोकेसाहेब, तुम्ही आपली असोसिएशन चालवता, तुमच्याशी तर गेल्या दिवाळीपर्यंत वाजत होतं. तुम्ही त्यांना म्हणालात, "देवाजी, तू रिटायर झाला, आता तरी इन्स्पेक्शन बंद कर ना बा." आणि ते म्हणाले, "मी बंद करतो. तू आधी खोटं बोलणं बंद कर." असा होता शांत स्वभाव.

मी सहा वर्षांची असताना आई मला घेऊन इथं परदेशात, मामाजींकडे आली. जानेवारी महिना होता. शाळेत टाकलं तर मी तोंडच उघडेना. आठ दिवस एक शब्द बोलले नाही. शेवटी शाळेनंच सांगितलं, हिला काही दिवस घरी ठेवा. ते काही दिवस म्हणजे सव्वा वर्ष झालं. माझी पहिली शाळा म्हणजे मामाजींच्या किचनमधलं टेबल. सकाळी आई शिकवायची, संध्याकाळी मामाजी. ते टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, हेल्थ इन्स्पेक्टर होते. हॉटेलांची किचनं बघायची, विहिरींचं पाणी तपासायचं, भाड्याच्या घरांतली ओल बघायची. घरी आल्यावर ते रिपोर्ट लिहायचे आणि समोर बसून मीही लिहायची. माझा विषय काय? फ्रिज. बाथरूम. शेजारच्यांचं मांजर.

मी लिहिलं, "मांजर आजारी आहे."

मामाजी म्हणाले, "तू कुठं उभी होतीस?"

"खिडकीत."

"मग आधी ते लिही. मी खिडकीत उभी होते. मांजर अंगणात होतं. मग लिही काय दिसलं ते. आजारी आहे का झोपलं आहे, ते वाचणारा ठरवेल."

त्यांच्या प्रत्येक रिपोर्टची पहिली ओळ तीच असायची. मी कुठं उभा होतो. तळघरात. सिंकखाली. विहिरीच्या कठड्याशी. आत गेल्याशिवाय ते आतलं लिहायचे नाहीत. इथं कोणाच्या घरात शिरायचं तर बूट दाराशी काढावे लागतात. बाकीचे इन्स्पेक्टर कंटाळा करायचे, दारातूनच विचारून घ्यायचे. मामाजींच्या गाडीत धुतलेल्या मोज्यांचे दोन जोड कायम असायचे. बर्फात मोजे भिजतात. भिजल्या मोज्यांनी कोणाच्या गालिच्यावर पाय ठेवायचा नाही, आणि भिजले म्हणून दारातून परतायचंही नाही. मोजे बदलायचे आणि आत जायचं.

हे सगळं का सांगते आहे? कारण मला त्या पानाबद्दल बोलायचं आहे.

हो, ढोकेसाहेब. त्या पानाबद्दल. काल तुम्ही फोनवर म्हणालात, "पल्लवी बेटा, तीन मिनिटं बोल, छान बोल, पण ते गल्लीचं प्रकरण काढू नको." मी म्हटलं, बरं. मी नेहमीच बरं म्हणते. ती माझी खोड आहे. आज तिचाच हिशेब करायचा आहे.

सगळ्यांना माहीत नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आपल्या टाउनशिपचं एक जुनं हेल्थ बोर्ड होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, आपले आजोबा लहान होते त्या काळातलं. पाच माणसं. महिन्यातून एकदा बसायची आणि गावाचं आरोग्य बघायची. त्यांची जुनी विटांची इमारत टाउनशिप आता दुरुस्त करते आहे आणि तिथं कम्युनिटी हॉल होणार आहे. आपल्याला जयंतीसाठी हे बेसमेंट पुरत नाही, तो हॉल आपल्या असोसिएशनला हवा आहे. उद्घाटनाला एक पुस्तिका निघणार आहे. टाउनशिपच्या लोकांनी असोसिएशनला विचारलं, तुमच्यात एक निवृत्त हेल्थ इन्स्पेक्टर आहेत ना, बोर्डाचा इतिहास ते लिहितील का? ढोकेसाहेब खूश झाले. मामाजींना विचारायच्या आधीच हो म्हणाले.

मामाजी आठ महिने जुन्या दप्तरांच्या आर्काइव्हमध्ये जाऊन बसले. बोर्डाच्या मिनिट्सच्या, म्हणजे बैठकांच्या नोंदींच्या, वह्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून शनिवारी मी सोबत जायची आणि वाचून दाखवायची.

तुम्हाला सांगते, त्या वह्या मी वाचल्या आहेत. माणसं एवढी स्वतःवर खूश असू शकतात, हे मला आधी माहीत नव्हतं. प्रत्येक बैठकीच्या शेवटी आभाराचा ठराव. अध्यक्षांनी सदस्यांचे आभार मानले. सदस्यांनी अध्यक्षांचे आभार मानले. सेक्रेटरींचे सुंदर अक्षराबद्दल आभार. बैठकीच्या खोलीला पडदे कोणत्या रंगाचे लावावेत, यावर तीन बैठका. एका सदस्याच्या शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे ओरडतो, हा आरोग्याचा प्रश्न आहे की नाही, यावर दोन बैठका आणि एक उपसमिती. हसू नका. उपसमितीनं कोंबडा प्रत्यक्ष जाऊन पाहिला. कोंबड्याच्या खुराड्यापर्यंत ते आत गेले, तशी नोंद आहे.

मला अन्याय करायचा नाही. बोर्डानं कामंही केली. दूध तापवून विकायला लावलं. शाळेत मुलांना लसी दिल्या. गोवर आला की घराच्या दारावर पाटी लावायचे, म्हणजे बाकीच्यांनी जपावं. मामाजींनी हे सगळं लिहिलं. तीन पानं भरून लिहिलं, कौतुकानं लिहिलं. ती तीन पानं पुस्तिकेत आहेत.

चौथं पान नाही.

चौथं पान किल्न लेनचं होतं. गावाबाहेर विटांची भट्टी होती, तिथल्या मजुरांची ही गल्ली. युरोपातून आलेले लोक, ज्यांची नावं बोर्डाच्या सेक्रेटरीला त्या सुंदर अक्षरातही नीट लिहिता आली नाहीत. नऊ घरं, एक हातपंप. पंप उताराच्या तळाशी आणि घरांचे संडास उतारावर, त्याच्या वर. यापुढे मी इन्स्पेक्टरची भाची म्हणून काही सांगायची गरज नाही. मुलं तापानं आजारी पडायला लागली. गल्लीतल्या बायकांनी एका पाद्र्याकडून अर्ज लिहून घेतला. बोर्डानं ठरवलं, पाहणी करू.

पाहणीची नोंद चार ओळींची आहे. कोंबड्याची दोन पानांची आहे. त्या चार ओळी मला पाठ आहेत, मराठीत सांगते. अध्यक्ष आणि दोन सदस्य यांनी किल्न लेन रस्त्यावरून पाहिली. चिखलामुळे गाडी पुढे जाऊ शकली नाही. स्थिती समाधानकारक दिसली. अध्यक्षांनी स्वतःची गाडी दिल्याबद्दल त्यांचे आभार.

गाडी चिखलात जाईना. पाय होते ना? तिघांना मिळून सहा पाय होते! कोंबड्यासाठी निघाले होते ते पाय. चाळीस पावलं चालायची होती. मामाजींनी जाऊन मोजली, चाळीसच भरतात.

मी हे वाचून दाखवल्यावर मामाजींनी वही बंद केली. मग म्हणाले, "बाकी काही म्हण, सेक्रेटरी इमानदार होता. कुठं उभं राहून पाहिलं ते त्यानं लिहिलं."

आणि मग त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. नागपूरकडच्या त्यांच्या गावात देवी टोचणारा माणूस यायचा. वस्तीत यायचा नाही, बाहेर बाभळीखाली उभा राहायचा आणि तिथून हाक मारायचा. एका वर्षी माझ्या आजीनं सकाळीच घर सारवलं, खाटेवर धुतलेली चादर टाकली, साहेब आले तर बसतील म्हणून. साहेब बाभळीखालून नावं लिहून गेले. या खोलीतल्या निम्म्या घरांत असली एक तरी गोष्ट आहे. आहे ना? तुम्ही जयंतीला ती माइकवरून सांगता. डोळे पुसता. टाळ्या घेता.

मग किल्न लेनचं पान तुम्हाला का नको होतं?

त्या गल्लीत वाढलेल्या एक बाई अजून आहेत. हेलन त्यांचं नाव. वृद्धाश्रमात असतात. मामाजींनी त्यांना शोधून काढलं. आम्ही दोघं भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, गाडी आलेली मला आठवते. आईनं आम्हा सगळ्या भावंडांची तोंडं धुतली होती. टेबलावर सणाचा टेबलक्लॉथ घातला होता. कॉफी शेगडीवर ठेवली होती. गाडी थांबली, आम्ही दारातून बघत होतो. मग गाडी वळली. आईनं टेबलक्लॉथ संध्याकाळपर्यंत काढला नाही. म्हणाली, विसरलं असेल काही, परत येतील.

त्याच शरद ऋतूत त्यांचा धाकटा भाऊ गेला. पीटर. चार वर्षांचा.

बोर्डाच्या वहीत पीटर नाही. त्या महिन्यात पडद्यांचा ठराव आहे. हिरवे पडदे मंजूर झाले.

मामाजींच्या चौथ्या पानावर हे होतं. वाईट शब्द एकही नव्हता. मी इथं जसं बोलते आहे तसं ते लिहीत नसत. पहिली ओळ होती, "मी किल्न लेनच्या आत, जिथं पंप होता तिथं उभा आहे." त्यानंतर जे होतं ते.

पुस्तिकेची मांडणी मी करते आहे. फाइल माझ्याकडे आहे. ढोकेसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "बेटा, हे पान नको. टाउनशिपवाले नाराज होतील. बी प्रॅक्टिकल. आपल्याला हॉल पाहिजे का नाही?" मी म्हटलं, टाउनशिपनं काही म्हटलं आहे का? तर म्हणाले, "म्हणायची वाट कायले पाहायची?"

म्हणजे कोणी काही म्हटलंच नव्हतं. पान कोणी वाचलंही नव्हतं. आपल्या कमिटीतल्या पाच जणांनी लांबूनच पाहिलं आणि ठरवून टाकलं. पाच. बोर्डातही पाचच होते. तुमच्याही त्या बैठकीत आभाराचा ठराव झाला, मी होते तिथं. नाश्त्याबद्दल.

आणि मी? मी बरं म्हटलं. पान काढलं. जागा रिकामी दिसायला लागली, तर तिथं बोर्डाचा फोटो मोठा करून लावला. पाच माणसं, पाच हॅट, पाच मिशा. खाली ओळ घातली, "प्रत्येक घराची सेवा करणारे." ती ओळ टाउनशिपची नाही. ढोकेसाहेबांचीही नाही. ती मी लिहिली. फोटोखाली काहीतरी पाहिजे म्हणून. नीटनेटकं दिसावं म्हणून. त्या बोर्डाबद्दल मला जेवढी घृणा वाटते, तेवढीच त्या ओळीबद्दल वाटते, आणि ती माझ्या हातची आहे.

मामाजींना मी सांगितलं नाही. ते तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. पण प्रूफ त्यांनी मागितलं, आणि मी नेऊन दिलं. त्यांनी एक एक पान बोटानं उलटलं. शेवटी म्हणाले, "काऊन गं माय, माझी चार पानं होती ना?"

मी म्हटलं, "जागा नव्हती, मामाजी."

त्यांनी त्या फोटोवर बोट ठेवलं. पानभर फोटो. म्हणाले, "ह्यांना जागा आहे."

सहा वर्षांची होते तशी झाले, तोंडच उघडेना. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला किचनमधल्या टेबलाशी बोलायचे तसंच बोलले. "जागा नव्हती असं लिही मग. पण तू कुठं उभी होतीस, ते आधी लिही."

नर्स आली. विषय तिथंच राहिला. नऊ दिवसांनी ते गेले. त्या नऊ दिवसांत मी रोज त्यांच्याजवळ बसत होते. रोज ठरवत होते, आज सांगीन की मामाजी, मी खोटं बोलले. मी त्यांचे मोजे धुऊन आणले. उशी बदलली. पाणी पाजलं. सांगितलं नाही. माणूस समोर होता. चाळीस पावलंसुद्धा चालायची नव्हती.

परवा हेलनबाईंचा फोन आला. मामाजी गेल्याचं त्यांना कळलं होतं. वाईट वाटलं म्हणाल्या. मग विचारलं, "इज द पेज इन?" पान आत आहे का? त्यांना वाटतं, पुस्तिका आली की आईच्या नावाशेजारी भावाचं नाव वाचायला मिळेल. मी म्हटलं, मी तुम्हाला रविवारी सांगते.

आज रविवार आहे.

तर आता मी लिहिते तसं सांगते. मी विहाराच्या बेसमेंटमध्ये, मामाजींच्या फोटोच्या डाव्या बाजूला उभी आहे. पान मी काढलं होतं. माझ्या हातानं. आज सकाळी मी ते परत घातलं आहे. फोटो लहान केला आहे. प्रत्येक घराची सेवा, ही ओळ काढून टाकली आहे. उद्या फाइल छापायला जाईल. मागच्या वेळी मी गुपचूप काढलं, म्हणून या वेळी गुपचूप घालणार नाही. सगळ्यांसमोर सांगते आहे. ज्यांना ते पान नको असेल त्यांनी मला फोन करू नये. मी फोनवर बरं म्हणते. त्यांनी आत्ता, इथं उभं राहून सांगावं, मामाजींच्या फोटोसमोर, आणि सांगण्याआधी पान वाचावं. माझ्याकडे दहा प्रती आहेत. या बघा.

हॉल नाही मिळाला तर नाही मिळाला. या बेसमेंटमध्ये आपण दाटीवाटीनं बसू. पण मला नाही वाटत टाउनशिपवाले नाराज होतील. ते वाचतील, आणि कदाचित त्यांना लाज वाटेल. लाज वाटणं वाईट नाही. मला गेले तीन आठवडे वाटते आहे, त्यामुळे आज मला उभं राहून बोलता येतं आहे.

कोणाची हरकत आहे?

ढोकेसाहेब, तुम्ही हात पुढे केला. हरकत का?

नाही. प्रत हवी आहे. घ्या ना. चष्मा आहे का? शेजारी कोणी वाचून दाखवेल. सावकाश वाचा.

बाकी कोणी बोलत नाही. मी लिहून घेते, सभेत हरकत आली नाही. आभाराचा ठराव आपण करायचा नाही.

आता शेवटचं. आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. मामाजींसाठी, आणि मामाजी असते तर म्हणाले असते, पीटरसाठीही. पण त्याआधी एक विनंती आहे. दाराशी आणि जिन्यावर जे उभे आहेत, त्यांच्याशी बोलते. मी मघापासून बघते आहे. तुम्ही बूट काढलेले नाहीत. कोट अंगावर आहेत. लवकर निघायचं असेल, रस्ते खराब आहेत, मला समजतं. पण तुम्ही रस्त्यावरून आलात ते इथपर्यंतच आलात.

बूट काढा. मोजे भिजले असतील तर त्या टेबलाखाली पिशवी आहे. मामाजींच्या गाडीतली. दोन जोड आहेत, धुतलेले. पुढचे थोडे सरकतील, जागा होईल.

या. आत या.

सगळे आत आले की मग आपण शांत होऊ.